उंबरठ्यावरची परीक्षा

ट्रॉयच्या युद्धावरून निघालेल्या ओडिसिअसला आपल्या बेटावर पोहोचायला १० वर्षं लागली. पण समुद्र ओलांडण्यापेक्षा स्वतःच्याच घराचा उंबरठा ओलांडणं त्याला अवघड गेलं. २० वर्षांनी आलेल्या माणसाला घरच्यांनी ओळखायचं तरी कशावरून?

ओडिसिअसचं नाव घेतलं, की बहुतेकांना कपाळावर एकच डोळा असलेला राक्षस आठवतो. गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या सायरन आठवतात, माणसांची डुकरं करणारी सर्सी आठवते. मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींच्या पुस्तकांत बहुधा एवढंच असतं. पण होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्याचे २४ सर्ग समोर ठेवले, तर नवल वाटावं अशी एक गोष्ट ध्यानात येते. यातली बहुतेक साहसं ९ ते १२ या चार सर्गांत आटोपतात आणि तीही ओडिसिअस स्वतः दुसऱ्यांना सांगतो. १३व्या सर्गात तो आपल्या इथाका बेटावर पाय ठेवतो आणि तरीही काव्य संपत नाही. जवळजवळ निम्मं महाकाव्य अजून शिल्लक असतं.

घर गाठलेल्या माणसाबद्दल एवढं काय सांगायचं उरतं?

खूपच उरतं. कारण घरी पोहोचणं वेगळं आणि घरी परतणं वेगळं, हे या कवीला पक्कं ठाऊक होतं. पोहोचवण्याचं काम गलबत करतं. परतण्यासाठी मात्र घरातल्या माणसांनी आपल्याला 'आपलं' म्हणावं लागतं. 'ओडिसी'चा उत्तरार्ध म्हणजे एकामागून एक येणाऱ्या ओळखींची साखळी आहे आणि तिची शेवटची कडी समुद्रातल्या कोणत्याही वादळापेक्षा कठीण आहे.

युद्धाहून परतणारे

'ओडिसी' आजच्या रूपात इ.स.पू. ८व्या शतकाच्या अखेरीस किंवा ७व्या शतकात तयार झाली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिच्या सुमारे १२,१०० ओळी आहेत. त्याआधी कित्येक पिढ्या गायक या कथा तोंडी गात होते. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३३ ते १९३५ या काळात तेव्हाच्या युगोस्लाव्हियात जाऊन लोकगायकांची वीरगीतं ध्वनिमुद्रित केली आणि लिहिता-वाचता न येणारा गायक हजारो ओळी कशा रचत जातो, हे दाखवून दिलं. त्याचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड याने पुढे या गीतांचा अभ्यास केला. त्यात एक कथा पुन्हा पुन्हा येते. वर्षानुवर्षं कैदेत असलेला नवरा वेष पालटून गावी येतो, तर बायकोच्या दुसऱ्या लग्नाची तयारी चाललेली असते! ही कथा एका कवीची किंवा एका देशाची नाही, हे त्यावरून कळतं.

ग्रीक भाषेत युद्धाहून किंवा समुद्रावरून घरी परतण्याला 'नोस्तोस' म्हणतात. ट्रॉयचं युद्ध १० वर्षं चाललं. ओडिसिअसच्या सल्ल्याने केलेल्या लाकडी घोड्याच्या युक्तीने शहर पडलं आणि ग्रीक वीर आपापल्या घरी निघाले. त्यांच्या परतीच्या कथांचं एक वेगळं महाकाव्यही होतं. ते हरवलं, त्याचा फक्त सारांश उरला आहे. पण 'ओडिसी'तच यांतल्या काहींच्या हकिगती येतात. म्हातारा नेस्टर सुखरूप घरी पोहोचला. मेनेलाउस हेलनला घेऊन आठव्या वर्षी परतला. त्याचा भाऊ आणि साऱ्या ग्रीक सैन्याचा सेनापती अगामेम्नॉन मात्र घरी आला, मेजवानीला बसला आणि तिथेच मारला गेला. त्याची पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा आणि तिचा प्रियकर एजिस्थस यांनी हा कट केला होता.

या खुनाची आठवण साऱ्या काव्यावर सावलीसारखी पसरलेली आहे. मृतांच्या लोकात अगामेम्नॉनचं भूत ओडिसिअसला भेटतं आणि बजावतं, की तुझी पेनेलोपी शहाणी आहे, तरीही गलबत गुपचूप किनाऱ्याला लाव, उघडपणे जाऊ नकोस. म्हणजे १० वर्षं शत्रूशी लढलेल्या माणसाला आता सगळ्यात जास्त भीती बाळगायची आहे ती स्वतःच्या घराची!

अमरत्व नको, घर हवं

ओडिसिअस १२ जहाजं घेऊन निघाला होता. त्यांतली ११ एका बंदरात नरभक्षक राक्षसांनी दगडांचा वर्षाव करून फोडली. उरलेलं एक वादळात गेलं, कारण उपाशी खलाशांनी सूर्यदेवाची गुरं मारून खाल्ली होती. शेवटी तो एकटा वाचला आणि कॅलिप्सो नावाच्या अप्सरेच्या बेटाला लागला. तिथे तो सात वर्षं अडकला.

काव्यात ओडिसिअसचं पहिलं दर्शन पाचव्या सर्गात होतं, तेव्हा तो कॅलिप्सोच्या बेटावर समुद्रकाठी बसून रडत असतो. कॅलिप्सो त्याला म्हणते, माझ्याजवळ राहा, तुला म्हातारपण येणार नाही, मरणही येणार नाही. शिवाय ती विचारते, की तुझी बायको माझ्याहून सुंदर आहे का? ओडिसिअस सरळ कबूल करतो, की रूपाने पेनेलोपी तुझ्यापुढे काहीच नाही, ती मर्त्य आहे, तू देवता आहेस. तरीही मला घरीच जायचं आहे.

म्हातारं होणारी बायको, खडकाळ बेट आणि पुढे मरण, हे त्याने डोळे उघडे ठेवून निवडलं आहे. मृतांच्या लोकात त्याला आईही भेटली होती. तो युद्धाला निघाला तेव्हा ती जिवंत होती. मुलाची वाट पाहून झुरत मेले, असं ती त्याला सांगते. तो तीनदा तिला मिठी मारायला जातो आणि तीनदा ती सावलीसारखी हातांतून निसटते. घरी जायला उशीर झाला, की काय हरवतं हे त्याला तिथे कळून चुकलं होतं.

घरात १०८ पाहुणे

इकडे इथाकामध्ये काय चाललं होतं? ओडिसिअस निघाला तेव्हा त्याचा मुलगा टेलेमाकस तान्हा होता. निघताना त्याने पेनेलोपीला सांगितलं होतं, की मुलाला दाढी फुटेपर्यंत मी आलो नाही, तर तू मनासारखा नवरा कर आणि हे घर सोड. आता मुलगा विशीत आला होता. आसपासच्या बेटांवरचे आणि इथाकातले १०८ तरुण पेनेलोपीला मागणी घालायला येऊन बसले होते. बसले होते म्हणजे अक्षरशः ठाण मांडून बसले होते. रोज ओडिसिअसचीच गुरं-डुकरं कापायची, त्याचाच द्राक्षरस प्यायचा, त्याच्याच दासींबरोबर चैन करायची आणि तिने निवड करेपर्यंत हलायचं नाही!

ग्रीक समाजात पाहुणचार हा देवाचा कायदा होता. दाराशी आलेल्या परक्याला आधी जेवू घालायचं, मग नाव-गाव विचारायचं. परक्यांचा पाठीराखा खुद्द देवांचा राजा झ्यूस. हे लग्नेच्छू तरुण याच कायद्याचा आडोसा घेऊन घर खाऊन टाकत होते.

पेनेलोपीजवळ शस्त्र नव्हतं, बुद्धी होती. सासरे म्हातारे झाले आहेत, त्यांच्या प्रेतावर घालायचं वस्त्र विणून होऊ दे, मग लग्न करीन, असं तिने सांगितलं. दिवसभर ती मागावर विणायची आणि रात्री मशालीच्या उजेडात विणलेलं उसवायची. असं तिने तीन वर्षं चालवलं. चौथ्या वर्षी एका दासीने फितुरी केली आणि ते वस्त्र तिला पुरं करावंच लागलं. नवरा परतला तेव्हा तिच्या हातात एकही सबब उरलेली नव्हती.

स्वतःचं बेट ओळखू येईना

फिएशियन नावाच्या दर्यावर्दी लोकांनी ओडिसिअसला झोपेतच इथाकाच्या किनाऱ्यावर आणून ठेवलं आणि शेजारी भेटवस्तूंचा ढीग ठेवून ते निघून गेले. तो जागा झाला तेव्हा अथीना देवीने सगळीकडे धुकं पसरलं होतं. ज्या बेटासाठी त्याने अमरत्व नाकारलं, तेच त्याला ओळखू येईना! मांड्यांवर हात मारून तो विचारतो, की आता मी कोणत्या देशात आलो? मग काय करतो? आपल्या वस्तू कोणी चोरल्या तर नाहीत ना, म्हणून एकेक मोजून पाहतो. जगाचे टक्केटोणपे खाल्लेला माणूस अगदी असाच वागेल.

अथीना त्याला सुरकुतलेल्या, फाटक्या कपड्यांतल्या भिकाऱ्याचं रूप देते. इथून पुढे राजा आपल्याच राज्यात हात पसरत फिरतो. कोण आपल्याशी प्रामाणिक राहिलं आणि कोण फिरलं, हे त्याला पाहायचं असतं. पण गंमत अशी, की तो जेवढी घराची परीक्षा घेतो, तेवढीच घरही त्याची परीक्षा घेतं.

त्याला पहिला आसरा मिळतो तो युमिअस या डुकरं राखणाऱ्या दासाच्या झोपडीत. हा युमिअस जन्माने राजपुत्र. लहानपणी पळवून आणून विकला गेलेला. समोरचा म्हातारा कोण, हे ठाऊक नसतानाही तो डुकराचं मांस भाजून वाढतो आणि रात्री थंडी पडल्यावर स्वतःचं पांघरूण देतो. या साध्या माणसावर कवीचाही इतका जीव, की त्याच्याबद्दल सांगताना मध्येच तो त्याला 'तू' म्हणून हाक मारतो.

मुलाजवळ खूण नव्हती

त्याच झोपडीत बाप-लेकाची भेट होते. अथीना क्षणभर ओडिसिअसचं खरं रूप परत देते आणि तो मुलाला सांगतो, की मीच तुझा बाप. टेलेमाकस विश्वास ठेवत नाही. आताच तर फाटका म्हातारा होता, आता एखाद्या देवासारखा दिसतो, नक्की कोणी देव फसवायला आला असणार!

इथे होमरने एक बारीक गोष्ट टिपली आहे. पुढे प्रत्येक जण ओडिसिअसला कुठल्या ना कुठल्या खुणेवरून ओळखणार आहे. मुलाजवळ मात्र एकही खूण नाही, कारण दोघांची मिळून एकही आठवण नाही. ओडिसिअस त्याला एवढंच सांगू शकतो, की दुसरा कोणी ओडिसिअस आता येणार नाही, आहे तो मीच. आणि मुलगा ते मान्य करतो. मग दोघं गळ्यात पडून अशी रडतात, की पिल्लं पळवलेल्या पक्ष्यांचा आक्रोशही त्यापुढे कमी वाटावा, असं कवी म्हणतो. त्या रडण्यात भेटीचा आनंद आहे, तसं हातून गेलेलं सारं बालपणही आहे.

उकिरड्यावरचा आर्गॉस

भिकाऱ्याच्या वेषात ओडिसिअस आपल्या वाड्याच्या दाराशी येतो. तिथे शेणाच्या ढिगावर गोचिडांनी भरलेला एक म्हातारा कुत्रा पडलेला असतो. हा आर्गॉस. ट्रॉयला जाण्यापूर्वी ओडिसिअसनेच त्याला लहानाचा मोठा केलं होतं, पण त्याच्याबरोबर शिकारीला जाण्याचं सुख काही मिळालं नाही. पुढे गावचे तरुण त्याला रानबकऱ्या, हरणं आणि सशांच्या मागे सोडत. आता त्याला विचारणारं कोणी नव्हतं.

२० वर्षांनी आलेल्या धन्याला तो तत्काळ ओळखतो. उठून जवळ जाण्याचं बळ नाही. फक्त शेपटी हलवतो आणि कान पाडतो. ओडिसिअसला त्याच्याजवळ जाता येत नाही, कारण गेला तर बिंग फुटेल. सोबतच्या युमिअसला दिसू नये म्हणून तो तोंड फिरवून डोळे पुसतो आणि कुत्रा कोणाचा, असं परक्यासारखं विचारतो. तो आत जातो आणि इकडे आर्गॉस प्राण सोडतो.

चाळीसेक ओळींचा हा प्रसंग. पण 'ओडिसी' वाचलेला माणूस बाकी सारं विसरला, तरी हा कुत्रा विसरत नाही. वेष, वय आणि चिंध्या यांच्या आडचा माणूस घरातल्या सगळ्यांच्या आधी त्याला दिसला. त्याने खूण मागितली नाही की प्रश्न विचारला नाही.

मांडीवरचा व्रण

रात्री दिवाणखान्यात पेनेलोपी या भिकाऱ्याला बोलावून त्याची विचारपूस करते. नवऱ्याची काही खबर आहे का, एवढीच तिची आशा. तो खोटं नाव सांगतो, खोटी हकिगत रचतो, पण त्यात ओडिसिअसच्या कपड्यांचं असं हुबेहूब वर्णन करतो, की तिला रडू आवरत नाही. समोर बायको नवऱ्यासाठी रडते आहे, नवरा शेजारीच बसला आहे आणि त्याचे डोळे मात्र शिंगासारखे, लोखंडासारखे स्थिर!

पेनेलोपी जुन्या दाईला, युरिक्लियाला, पाहुण्याचे पाय धुवायला सांगते. या दाईने ओडिसिअसला अंगाखांद्यावर वाढवलेलं. पाय चोळता चोळता तिचा हात त्याच्या गुडघ्याच्या वरच्या व्रणावर पडतो. तरुणपणी आजोळी शिकारीला गेला असताना रानडुकराच्या सुळ्याने झालेली ती जखम. दाईच्या हातून पाय सुटतो, पितळी घंगाळ कलंडतं आणि पाणी जमिनीवर सांडतं. ती पेनेलोपीकडे वळणार, तोच ओडिसिअस तिचा गळा धरतो आणि गप्प राहायला सांगतो.

या प्रसंगावर एरिक औअरबाख या जर्मन ज्यू विद्वानाने लिहिलेला लेख जगभर गाजला. नाझी राजवटीत १९३५ साली प्राध्यापकाची नोकरी गेल्यावर त्याने इस्तंबूलमध्ये आसरा घेतला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथेच लिहिलेल्या आणि १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिमेसिस' या ग्रंथाची सुरुवात त्याने ओडिसिअसच्या व्रणापासून केली. स्वतःचं घर हरवलेल्या माणसाने घरी परतलेल्या माणसाच्या खुणेपासून ग्रंथ सुरू करावा, हा योगायोगही विचार करायला लावणारा आहे.

धनुष्य आणि रक्त

दुसऱ्या दिवशी पेनेलोपी पण जाहीर करते. ओडिसिअसचं जुनं धनुष्य वाकवून जो प्रत्यंचा चढवील आणि ओळीने रोवलेल्या १२ कुऱ्हाडींमधून बाण आरपार नेईल, त्याच्याशी मी लग्न करीन. भारतीय वाचकाला इथे सीतास्वयंवर आणि शिवधनुष्य आठवल्याशिवाय राहणार नाही. फरक एवढाच, की तिथे धनुष्याने लग्न जुळतं आणि इथे मोडायला आलेलं लग्न वाचतं.

लग्नेच्छू तरुण धनुष्य शेकोटीवर गरम करतात, चरबी चोळतात, पण ते कोणाला वाकत नाही. मग भिकारी मागतो. सगळे संतापतात. तो धनुष्य हातात फिरवून कीड लागली आहे का पाहतो आणि एखादा गायक वाद्याची तार चढवतो तितक्या सहज प्रत्यंचा चढवतो. बोटाने छेडल्यावर ती पाकोळीसारखी गाते. बाण १२ कुऱ्हाडींतून पार जातो. पुढचा बाण, पेला ओठांशी नेत असलेल्या अँटिनूसच्या गळ्यात घुसतो.

पुढे जे घडतं ते वीरकाव्याच्या मापानेही भयंकर आहे. भरपाई देण्याची तयारी दाखवली तरी ओडिसिअस ऐकत नाही. मुलगा आणि दोन प्रामाणिक दास यांच्या मदतीने तो सगळ्या लग्नेच्छूंना ठार करतो. एक गायक आणि एक भालदार तेवढे वाचतात. घरातल्या ५० दासींपैकी १२ जणी या तरुणांबरोबर राहिल्या होत्या. त्यांच्याकडून आधी प्रेतं बाहेर काढून घेतली जातात, रक्ताने माखलेली जमीन धुऊन घेतली जाते आणि मग टेलेमाकस त्यांना एका दोरावर ओळीने फाशी देतो.

त्या काळच्या श्रोत्यांना हा न्याय वाटला असेल. पण दासींना नकार देण्याचा हक्क होता कुठे, हा प्रश्न आजचा वाचक विचारतोच. कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अॅटवूड यांनी २००५ साली 'पेनेलोपियाड' या कादंबरीत या १२ जणींनाच बोलतं केलं. २०१७ साली एमिली विल्सन यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. संपूर्ण 'ओडिसी'चा एका स्त्रीने केलेला तो पहिला प्रकाशित इंग्रजी अनुवाद. त्यांनी या मुलींना 'मोलकरणी' न म्हणता सरळ गुलाम म्हटलं. एका माणसाच्या घरी परतण्याची किंमत कोणाकोणाला मोजावी लागली, हा हिशेब आज त्यामुळे अधिक स्पष्ट दिसतो.

पलंग हलवा!

घर धुऊन स्वच्छ झालं. दाई धावत वर जाऊन पेनेलोपीला उठवते. ही सारी झुंज चालली असताना देवीने तिला गाढ झोप दिली होती. ती खाली येते, विस्तवाच्या उजेडात नवऱ्याच्या समोर बसते आणि एक शब्दही बोलत नाही. कधी चेहरा ओळखीचा वाटतो, कधी कपड्यांकडे पाहून परका वाटतो. आईचं काळीज दगडाचं आहे, म्हणून मुलगा चिडतो. ती शांतपणे म्हणते, की हा खरोखर तोच असेल, तर आम्हा दोघांनाच ठाऊक असलेल्या काही खुणा आहेत. ओडिसिअस हे ऐकून हसतो.

तिचा संशय अगदी रास्त होता. २० वर्षांत किती तरी भामटे खोट्या बातम्या घेऊन आले होते. धनुष्य वाकवलं म्हणजे हा बलवान आहे एवढंच ठरलं, नवरा आहे हे ठरलं नाही.

मग ती अगदी सहज सुरात दाईला सांगते, की यांचा पलंग त्या खोलीतून बाहेर काढून इथे अंथरूण घाल.

आणि एवढा वेळ सारं सहन करणारा, भिकारी म्हणून मार खाल्लेला, बायकोच्या अश्रूंसमोरही न हललेला ओडिसिअस एकदम भडकतो. माझा पलंग कोणी हलवला? तो हलूच शकत नाही! अंगणात ऑलिव्हचं झाड होतं, त्याचा बुंधा खांबासारखा जाड. त्याच्याभोवती मी स्वतः खोली बांधली, फांद्या छाटल्या आणि जमिनीत मुळं असलेल्या त्याच बुंध्याचा पलंगाचा खूर केला. कोणी तो बुंधा तोडला की काय?

पेनेलोपीला हवं होतं ते हेच. तिचे पाय लटपटतात, ती धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडते. महाभारतातल्या वनपर्वात दमयंतीही दुसऱ्या स्वयंवराचा बहाणा करून नळाला बोलावते आणि बाहुकाच्या हातच्या पदार्थाची चव घेऊन नवरा ओळखते. पराक्रमाची खूण जगाला दिसते, पण बायको नवऱ्याला ओळखते ती चार भिंतींच्या आतल्या खुणेवरून, हे दोन्ही काव्यांना उमगलं आहे.

या मिठीसाठी होमरने वापरलेली उपमा मुद्दाम पाहण्यासारखी आहे. जहाज फुटल्यावर लाटांशी झुंजत, अंगावर मीठ साचलेलं असताना पोहणाऱ्याला जमीन दिसावी, असा आनंद झाला. हे ओडिसिअसबद्दल असेल असं आपण धरून चालतो. पण कवी सांगतो, की हा आनंद पेनेलोपीचा! म्हणजे घरात बसलेली बाईसुद्धा २० वर्षं समुद्रातच होती.

बापाची झाडं

एक ओळख अजून बाकी असते. म्हातारा लाएर्टिस गावाबाहेर मळ्यात राहतो. ठिगळं लावलेला सदरा, काट्यांपासून बचावासाठी हातमोजे, डोक्याला बकऱ्याच्या कातड्याची टोपी, अशा वेषात तो एका झाडाला आळं करत असतो. ओडिसिअस आधी त्यालाही खोटी गोष्ट सांगतो, पण म्हातारा मूठभर माती डोक्यावर घालून घेतो तेव्हा मुलाला राहवत नाही.

बाप खूण मागतो. व्रण दाखवून झाल्यावर ओडिसिअस झाडं मोजून दाखवतो. लहानपणी तुमच्या मागे मागे या बागेत फिरताना तुम्ही मला नासपतीची १३, सफरचंदाची १०, अंजिराची ४० झाडं दिली होती आणि द्राक्षवेलींच्या ५० रांगा द्यायचं कबूल केलं होतं. लाएर्टिसला भोवळ येते, मुलगा त्याला सावरतो. बापाने मुलाला बोट धरून झाडांची नावं सांगणं, एवढी एकच आठवण २० वर्षांनी पुरावा म्हणून उपयोगी पडली.

प्रत्येक नात्याची खूण अशी वेगळी आहे. दाईला व्रण, बापाला झाडं, बायकोला पलंग. यांतली एकही खूण राजेपणाची किंवा पराक्रमाची नाही. ट्रॉय कोणी जिंकलं, हे घरात कोणी विचारलं नाही.

पुन्हा निघायचंच आहे

तरीही ही कथा 'आणि ते सुखाने नांदू लागले' अशी संपत नाही. मारल्या गेलेल्या तरुणांचे बाप शस्त्रं घेऊन चालून येतात. अँटिनूसचा बाप विचारतो, की या माणसाने आमची मुलं जहाजांवर नेली आणि गमावली, आता उरलेलीही मारली, याला सोडायचं का? हा सवाल खोटा नाही. १२ जहाजांतून गेलेल्यांपैकी घरी आला तो एकटा ओडिसिअस. दोन्ही बाजूंना आवरायला शेवटी अथीनाला यावं लागतं.

शिवाय पहिल्याच रात्री ओडिसिअसने पेनेलोपीला सांगितलेलं असतं, की मला एकदा पुन्हा निघायचं आहे. मृतांच्या लोकात टायरेसिअस या द्रष्ट्याने त्याला बजावलं होतं. खांद्यावर वल्हं घेऊन देशोदेशी इतका आत चालत जा, की तिथल्या लोकांनी समुद्र पाहिलेला नसेल. कोणी तुला विचारील, की खांद्यावर धान्य उफणायचं फावडं कशाला घेतलंस? तिथे ते वल्हं जमिनीत रोव, समुद्रदेव पोसायडनला बळी दे आणि मग घरी ये. ज्या वल्ह्याने घर तोडलं, त्याला वल्हं म्हणून ओळखणारंही कोणी नसेल, अशा जागी ते ठेवून यायचं!

समुद्र आणि युद्ध असं सहजी अंगावरून उतरत नाही. जोनाथन शे हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ व्हिएतनाम युद्धातून आलेल्या सैनिकांवर उपचार करत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'ओडिसिअस इन अमेरिका' या पुस्तकात त्यांनी हेच काव्य सैनिकाच्या अवघड परतीची कथा म्हणून वाचलं. माणसं घरी आली होती, पण संशय, सावधपणा आणि कोणावरही विश्वास न टाकण्याची सवय सुटत नव्हती. खरं नाव सांगण्याआधी दहा खोट्या गोष्टी रचणारा ओडिसिअस त्यांना आपल्या रुग्णांत दिसला.

घराच्या ओढीचा आजार म्हणून १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द बनवला. परदेशी राहणाऱ्या स्विस माणसांचं झुरणं त्याला वर्णायचं होतं. त्यासाठी त्याने 'नोस्तोस' म्हणजे परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना, हे दोन ग्रीक शब्द जोडले. त्याच्या लेखी ही वेदना दूर राहिलेल्या माणसाची होती. होमरने तिची दुसरी बाजूही सांगितली आहे. परतणाऱ्याला घर सापडावं लागतं, तसं वाट पाहणाऱ्यांनाही आपलं माणूस नव्याने सापडावं लागतं. त्यासाठी दोन्हीकडून थोडा धीर लागतो. सगळं दैवी साहाय्य पाठीशी असूनही ओडिसिअसला विस्तवासमोर मुकाट बसून बायकोच्या पहिल्या शब्दाची वाट पाहावी लागली आणि पेनेलोपीनेही खात्री पटेपर्यंत तो शब्द उच्चारला नाही.